पॅकेज बसलं, तरी मॉड्यूल सापडेना : पायथन आणि लिनक्सबद्दल वाचकांचे प्रश्न

लिनक्सवर पायथनची पॅकेजेस 'पिप' या साधनाने बसवताना आणि नंतर ती इम्पोर्ट करताना येणाऱ्या अडचणींबद्दल वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी काही या वेळी घेतले आहेत. बहुतेक उदाहरणं डेबियन आणि उबुंटूची आहेत. फेडोरावर जिथे फरक पडतो तिथे तसं लिहिलं आहे. कमांड देवनागरीत छापल्या आहेत, टर्मिनलवर त्या रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत टाइप करायच्या. कॅपिटल अक्षर लागेल तिथे ते सांगितलं आहे.

प्रश्न : पिपने 'सक्सेसफुली इन्स्टॉल्ड' असं सांगितलं. लगेच पायथन उघडून 'इम्पोर्ट रिक्वेस्ट्स' लिहिलं, तर 'मॉड्यूलनॉटफाउंडएरर : नो मॉड्यूल नेम्ड रिक्वेस्ट्स'. पुन्हा बसवायला गेलो तर पिप म्हणतं 'रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिस्फाइड'. यातलं खरं कोणाचं धरायचं?

दोघांचंही. फक्त दोघं वेगवेगळ्या पायथनबद्दल बोलताहेत. एकाच मशीनवर तीन-चार पायथन सहज असतात : वितरणासोबत आलेला /यूएसआर/बिन/पायथन३, कोणीतरी सोर्सवरून बांधलेला /यूएसआर/लोकल/बिनमधला, पायएन्व्हने (पायथनच्या वेगवेगळ्या आवृत्त्या बसवणाऱ्या साधनाने) होम फोल्डरमध्ये ठेवलेला, कोंडा या दुसऱ्या पॅकेज-साधनाचा. प्रत्येकाचं पॅकेजेस ठेवायचं फोल्डर वेगळं असतं आणि एकाचं दुसऱ्याला दिसत नाही. 'नो मॉड्यूल नेम्ड' याचा अर्थ 'पॅकेज मशीनवर नाही' असा घेऊ नका. 'मी, हा अमुक पायथन, माझ्या यादीतल्या फोल्डरांत शोधलं आणि मला मिळालं नाही', एवढंच तो सांगतो. त्यामुळे पुन्हा पुन्हा बसवण्याआधी तो 'मी' कोण, हे शोधा.

दोन ओळी चालवा :

पायथन३ -सी "इम्पोर्ट सिस; प्रिंट(सिस.एक्झिक्युटेबल)"
पिप --व्हर्जन

पहिली ओळ चालू असलेल्या पायथनचा पूर्ण पाथ देते. दुसरी पिपची आवृत्ती, पिप कुठल्या फोल्डरातून चालतो तो पाथ आणि शेवटी कंसात पायथनची आवृत्ती देते. पहिलीत /यूएसआर/बिन/पायथन३ आलं आणि दुसरीतला पाथ पायएन्व्हच्या किंवा कोंडाच्या फोल्डरातला निघाला, तर उत्तर तिथेच मिळालं. पिप ही स्वतः एक छोटी स्क्रिप्ट असते. तिच्या पहिल्या ओळीत ती कोणत्या पायथनने चालवायची हे लिहिलेलं असतं, आणि पॅकेज त्याच पायथनकडे जातं.

इलाज सोपा आहे, आणि तो कायमची सवय म्हणून लावून घ्या. नुसतं 'पिप' लिहायचंच नाही. नेहमी असं लिहायचं :

पायथन३ -एम पिप इन्स्टॉल रिक्वेस्ट्स

ज्या पायथनने प्रोग्राम चालवणार, त्याच पायथनला 'तुझा पिप चालव' असं सांगितलं की चूक व्हायला जागाच उरत नाही.

एवढं करूनही पाथ विचित्र दिसत असेल तर 'टाइप -ए पायथन३' चालवा. 'विच'पेक्षा ही कमांड जास्त सांगते, कारण ती एलियस, म्हणजे कमांडना दिलेली टोपणनावंसुद्धा दाखवते. बॅशआरसी फाइलमध्ये 'एलियस पायथन' असं काही लिहिलेलं असेल, तर ते पाथवर मात करतं. व्हेन्व (एका प्रोजेक्टपुरती पॅकेजेसची वेगळी जागा) चालू असला तरी एलियसमधलाच पायथन उघडतो आणि माणूस तासभर भलतीकडे शोधत बसतो. दुसरी बारीक गोष्ट : बॅश कमांडचा पाथ लक्षात ठेवते. नुकताच नवा पिप बसवला असेल आणि जुनाच चालत असेल तर 'हॅश -आर' द्या किंवा टर्मिनल बंद करून उघडा.

पायथन कुठे कुठे शोधतो ती यादी 'पायथन३ -एम साइट' या कमांडने छापून येते. स्क्रिप्ट चालवताना सर्वांत वर त्या स्क्रिप्टचं फोल्डर असतं, मग पायथनपाथ या व्हेरिएबलमधले फोल्डर, मग पायथनची स्वतःची लायब्ररी आणि शेवटी साइट-पॅकेजेस. या यादीत पायथनपाथमधून आलेला एखादा जुना, विसरलेला फोल्डर दिसला तर तो आधी काढा. तो व्हेरिएबल सगळ्या पायथनना सारखाच लागू होतो, म्हणून एका आवृत्तीसाठी बसवलेली पॅकेजेस दुसरीच्या गळ्यात पडतात.

प्रश्न : डेबियन १२वर पिप चालवला की 'एक्स्टर्नली-मॅनेज्ड-एन्व्हायर्नमेंट' असा एरर येतो. '--ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस' लावलं की काम होतं. मग तेच लावत राहिलं तर काय बिघडतं?

त्या पर्यायाचं नाव मुद्दाम तसं ठेवलेलं आहे. ते शब्दशः घ्या.

डेबियन आणि उबुंटूची कित्येक साधनं स्वतः पायथनमध्ये लिहिलेली आहेत आणि ती वितरणाच्याच पायथनवर चालतात. ॲप्टने, म्हणजे वितरणाच्या स्वतःच्या पॅकेज-साधनाने, बसवलेली पॅकेजेस /यूएसआर/लिब/पायथन३/डिस्ट-पॅकेजेसमध्ये असतात. सूडो लावून, म्हणजे रूटच्या अधिकाराने, पिपने बसवलेली /यूएसआर/लोकल/लिबखाली, त्या त्या आवृत्तीच्या डिस्ट-पॅकेजेसमध्ये जातात. शोधयादीत दुसरं फोल्डर पहिल्याच्या आधी येतं. म्हणजे तुमच्या प्रोजेक्टसाठी तुम्ही एखाद्या लायब्ररीची नवी आवृत्ती आणलीत, की यंत्रणेची साधनंही मुकाट्याने तीच उचलतात. ॲप्टला याचा पत्ता नसतो. काही दिवसांनी एखादं साधन उघडेनासं होतं आणि तोवर पिप कधी चालवला होता हे कोणाच्या ध्यानातही नसतं. पेप ६६८ हा नियम यासाठीच आला. पिप २३.०पासून तो पाळतो. डेबियन १२ आणि उबुंटू २३.०४पासून तो लागू आहे. पायथनच्या लायब्ररीच्या फोल्डरात 'एक्स्टर्नली-मॅनेज्ड' नावाची, सगळी अक्षरं कॅपिटल असलेली फाइल ठेवलेली असते. ती दिसली की पिप थांबतो. ही फाइल पुसून टाकण्याचा सल्ला अनेक ठिकाणी मिळतो. तो ऐकू नका.

लायब्ररी यंत्रणेतल्या एखाद्या स्क्रिप्टसाठी हवी असेल तर 'सूडो ॲप्ट इन्स्टॉल पायथन३-रिक्वेस्ट्स' अशा नावाने ती आधी ॲप्टमध्ये शोधा. आवृत्ती थोडी जुनी मिळेल, पण ती बाकीच्यांशी जुळणारी असेल. वायटी-डीएलपी किंवा ब्लॅकसारखं, फक्त कमांड म्हणून चालवायचं साधन हवं असेल तर पिपएक्स वापरा. ते प्रत्येक साधनाला स्वतंत्र जागा करून देतं. बाकी सगळ्या प्रोजेक्टना व्हेन्व :

सूडो ॲप्ट इन्स्टॉल पायथन३-व्हेन्व
सीडी प्रोजेक्ट
पायथन३ -एम व्हेन्व .व्हेन्व
सोर्स .व्हेन्व/बिन/ॲक्टिव्हेट
पायथन -एम पिप इन्स्टॉल रिक्वेस्ट्स

पहिली ओळ डेबियन-उबुंटूवर लागते, कारण तिथे व्हेन्वचा एक भाग वेगळ्या पॅकेजात ठेवला आहे. ती वगळली तर 'एन्शुअरपिप इज नॉट अव्हेलेबल' असा संदेश येतो. त्या फसलेल्या प्रयत्नातून .व्हेन्व नावाचं अर्धवट फोल्डर मागे राहतं. पॅकेज बसवल्यावर तेच फोल्डर न वापरता 'आरएम -आर .व्हेन्व' करून नव्याने बनवा, नाहीतर आत पिपच नसेल.

'ॲक्टिव्हेट' ही काही जादू नव्हे. ते त्या टर्मिनलपुरतं .व्हेन्व/बिन पाथच्या सुरुवातीला आणून ठेवतं, मुख्य काम एवढंच. टर्मिनल बंद केलं की ते संपलं. ॲक्टिव्हेट न करता '.व्हेन्व/बिन/पायथन मेन.पीवाय' असं थेट चालवलं तरी आतली सगळी पॅकेजेस मिळतात. पुढे क्रॉनच्या, म्हणजे ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणाऱ्या सेवेच्या, प्रश्नात हेच कामी येणार आहे.

आजवर सूडो पिपने काय काय बसवून ठेवलंय हे पाहायचं असेल, तर डेबियन १२वर 'पायथन३ -एम पिप लिस्ट --पाथ /यूएसआर/लोकल/लिब/पायथन३.११/डिस्ट-पॅकेजेस'. जे यादीत येईल ते काढायला मात्र त्याच धोक्याच्या पर्यायाची गरज लागते : 'सूडो पायथन३ -एम पिप अनइन्स्टॉल --ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस', पुढे पॅकेजचं नाव. तो पर्याय वापरायला आम्ही सांगू ती जागा ही एवढीच.

प्रश्न : व्हेन्व चालू होता, पण 'परमिशन डिनाइड' आलं म्हणून सूडो लावून पिप चालवला. बसलं, पण इम्पोर्ट होत नाही.

सूडो तुमचा पाथ घेत नाही. सूडोअर्स फाइलमध्ये 'सिक्युअर_पाथ' म्हणून ठरवून दिलेला पाथ घेतो. त्यामुळे त्या कमांडपुरता तुमचा व्हेन्व नाहीसाच झाला आणि पॅकेज यंत्रणेच्या पायथनकडे गेलं. मुळात व्हेन्वमध्ये परमिशनची अडचण यायलाच नको. ती आली याचा अर्थ तो व्हेन्व बनवतानाच सूडो लावलं होतं आणि फोल्डर रूटच्या मालकीचं आहे. 'एलएस -एलडी .व्हेन्व' करून पाहा. रूट दिसलं तर 'सूडो आरएम -आर .व्हेन्व' करा आणि सूडो न लावता नवा बनवा. सूडो लावून पाथ लिहिताना दोनदा वाचा.

प्रश्न : 'पिप इन्स्टॉल सीव्ही२' केलं तर असं पॅकेजच नाही म्हणतं, आणि कोडमध्ये तर 'इम्पोर्ट सीव्ही२' लिहिलंय.

पॅकेजचं नाव आणि मॉड्यूलचं नाव एकच असलं पाहिजे असा नियम नाही. सीव्ही२साठी ओपनसीव्ही-पायथन, पीआयएलसाठी पिलो, यामलसाठी पायवायएएमएल, बीएस४साठी ब्यूटिफुलसूप४, एसकेलर्नसाठी सायकिट-लर्न, डॉटएन्वसाठी पायथन-डॉटएन्व, सीरियलसाठी पायसीरियल बसवायचं. पीआयएल इम्पोर्ट करताना तिन्ही अक्षरं कॅपिटल लागतात; लिनक्सवर लहान-मोठ्या अक्षरांचा फरक धरला जातो.

'सीरियल'च्या बाबतीत जरा जपून. त्याच नावाचं दुसरंच एक पॅकेज पायपीआयवर, म्हणजे पिप जिथून पॅकेजेस आणतो त्या साठ्यावर, आहे. ते विनातक्रार बसतं, इम्पोर्टही होतं, आणि मग 'मॉड्यूल सीरियल हॅज नो ॲट्रिब्यूट सीरियल' असा एरर येतो. दोन्ही काढा आणि फक्त पायसीरियल पुन्हा बसवा. एररमधलं नाव तसंच्या तसं उचलून पिपला देणं सुरक्षेच्या दृष्टीनेही वाईट आहे. लोकप्रिय पॅकेजच्या नावाशी मिळतंजुळतं नाव घेऊन घातक कोड टाकण्याचे प्रकार पायपीआयवर वारंवार उघडकीला आले आहेत. लायब्ररीच्या अधिकृत पानावर बसवायची ओळ दिलेली असते. तीच घ्या.

प्रश्न : रिक्वेस्ट्स नीट बसलंय, 'पिप शो' दाखवतं. तरी 'पार्शली इनिशियलाइज्ड मॉड्यूल रिक्वेस्ट्स हॅज नो ॲट्रिब्यूट गेट, मोस्ट लाइकली ड्यू टू अ सर्क्युलर इम्पोर्ट' असं येतं. मी तर सर्क्युलर इम्पोर्ट काही केलेला नाही.

तुमच्या फोल्डरात रिक्वेस्ट्स.पीवाय नावाची फाइल आहे का पाहा. शोधयादीत स्क्रिप्टचं फोल्डर सर्वांत वर असतं हे वर सांगितलं. शिकताना 'रिक्वेस्ट्स करून पाहू' म्हणून आपण फाइलला तेच नाव देतो आणि ती फाइल स्वतःलाच इम्पोर्ट करू लागते. एररच्या वरच्या ओळी वाचल्या तर हे लगेच दिसतं : 'फाइल' या शब्दापुढे साइट-पॅकेजेसचा पाथ असायला हवा, तिथे तुमच्याच प्रोजेक्टचा पाथ असतो, तोही दोनदा.

हे ओळखायची खात्रीची कमांड, प्रोजेक्टच्या फोल्डरात उभं राहून :

पायथन३ -सी "इम्पोर्ट रिक्वेस्ट्स; प्रिंट(रिक्वेस्ट्स.__फाइल__)"

फाइलचं नाव बदललं की काम झालं. 'पायकॅश फोल्डरही पुसा' असं सांगतात, पण पायथन ३मध्ये मूळ फाइल नसेल तर त्या फोल्डरातली जुनी .पीवायसी वापरली जात नाही, त्यामुळे तिची काळजी नको.

पायथनच्या स्वतःच्या लायब्ररीशी टक्कर झाली तर प्रकरण जास्त चकवणारं असतं. टोकन.पीवाय, क्यू.पीवाय, ईमेल.पीवाय, रँडम.पीवाय ही नावं आपण अगदी सहज देतो. मग एरर येतो तो भलत्याच पॅकेजच्या पोटातून, कारण ते पॅकेज आतून पायथनचं 'ईमेल' मागतं आणि त्याला तुमचं मिळतं. संशय असेल तर पायथन ३.११पासून आलेला कॅपिटल 'पी' पर्याय लावा : 'पायथन३ -पी मेन.पीवाय'. स्क्रिप्टचं फोल्डर यादीतून वगळलं जातं. तसं चालवल्यावर तो एरर गेला, तर दोष तुमच्या एखाद्या फाइलच्या नावात आहे.

आणखी एक रूप : रिकाम्या किंवा डेटाच्या फोल्डरला पॅकेजचं नाव दिलं, आणि पॅकेज बसवलेलंच नाही. अशा वेळी इम्पोर्ट यशस्वी होतं, कारण पायथन त्या फोल्डरालाच पॅकेज मानतो. आत काहीच नसल्याने नंतर 'हॅज नो ॲट्रिब्यूट' येतं. वरच्या कमांडने 'नन' छापलं तर हाच प्रकार आहे असं समजा.

प्रश्न : उबुंटू २२.०४वरून २४.०४वर गेलो आणि सगळी पॅकेजेस गायब झाली. व्हेन्वसुद्धा चालत नाही.

पॅकेजेस गेलेली नाहीत, ती जुन्या आवृत्तीच्या फोल्डरात आहेत. २२.०४मध्ये पायथन ३.१० होता, २४.०४मध्ये ३.१२ आहे. तुमच्या व्हेन्वच्या बिन फोल्डरातला पायथन हा खरं तर /यूएसआर/बिन/पायथन३कडे बोट दाखवणारा दुवा असतो. यंत्रणा बदलल्यावर त्या दुव्याच्या टोकाला ३.१२ आला. तो .व्हेन्व/लिब/पायथन३.१२ शोधतो, आणि तुमच्याकडे आहे .व्हेन्व/लिब/पायथन३.१०. होम फोल्डरातल्या .लोकल/लिबचंही तेच.

फोल्डराचं नाव ३.१० बदलून ३.१२ करायचा मोह आवरा. शुद्ध पायथनमधली पॅकेजेस कदाचित चालतील, पण नमपायसारख्या, सीमध्ये बांधलेल्या पॅकेजेसच्या फाइलींच्या नावात 'सीपायथन-३१०' असं लिहिलेलं असतं आणि ३.१२ त्यांना हात लावत नाही. जुन्या व्हेन्वमधून यादी तेवढी काढून घ्या. नवा व्हेन्व .व्हेन्व२ नावाने बनवून ॲक्टिव्हेट करा आणि मग :

पायथन -एम पिप लिस्ट --पाथ .व्हेन्व/लिब/पायथन३.१०/साइट-पॅकेजेस --फॉरमॅट=फ्रीझ > जुनी.टीएक्सटी

या यादीत आवृत्त्यांचे आकडे असतात. ३.१०च्या काळातल्या काही आवृत्त्या ३.१२वर बसणार नाहीत. म्हणून थेट मागितलेली मुख्य पॅकेजेस आधी आकड्याशिवाय बसवा, त्यांना लागणारी बाकीची आपोआप येतील.

३.१२वर आणखी एक एरर हमखास भेटतो : 'नो मॉड्यूल नेम्ड डिस्टयूटिल्स'. हे मॉड्यूल ३.१२मधून काढून टाकलं आहे, आणि नव्या व्हेन्वमध्ये सेटअपटूल्सही आता आपोआप येत नाही. 'पायथन -एम पिप इन्स्टॉल सेटअपटूल्स' केलं की बहुतेक जुना कोड चालतो, कारण सेटअपटूल्सकडे डिस्टयूटिल्सची स्वतःची प्रत आहे. 'आयएमपी' हे मॉड्यूलही त्याच आवृत्तीत गेलं. त्याला असा आधार नाही. ते मागणारं पॅकेजच नव्या आवृत्तीवर न्यावं लागतं.

प्रश्न : पायथन३ या नावाने नवी आवृत्ती उघडावी म्हणून अपडेट-अल्टर्नेटिव्हज वापरलं. आता ॲप्ट 'नो मॉड्यूल नेम्ड ॲप्ट_पीकेजी' म्हणतं आणि टर्मिनलची खिडकीही उघडत नाही.

कंट्रोल, आल्ट आणि एफ३ दाबून मजकुरी कन्सोलवर लॉगिन करा. तुमचं वितरण उबुंटू २२.०४ असेल तर :

सूडो अपडेट-अल्टर्नेटिव्हज --रिमूव्ह-ऑल पायथन३
सूडो एलएन -एसएफ पायथन३.१० /यूएसआर/बिन/पायथन३

दोन्ही ओळी एकापाठोपाठ द्या. पहिलीनंतर पायथन३ हा दुवाच नसतो. दुसऱ्या वितरणावर ३.१०च्या जागी तिथली मूळ आवृत्ती घाला : डेबियन १२वर ३.११, उबुंटू २४.०४वर ३.१२.

ॲप्ट_पीकेजी हे सी++मध्ये लिहिलेलं मॉड्यूल वितरणाच्या एकाच आवृत्तीसाठी बांधलेलं असतं, म्हणून दुसऱ्या पायथनला ते दिसत नाही. टर्मिनल उघडणारी स्क्रिप्टही पायथनमधलीच आहे. /यूएसआर/बिन/पायथन३ हा दुवा वितरणाचा आहे, तो कधीही हलवू नका. नवी आवृत्ती हवी तर ती शेजारी बसवा आणि पूर्ण नावाने व्हेन्व बनवा : 'पायथन३.१३ -एम व्हेन्व .व्हेन्व'. त्या व्हेन्वमध्ये नुसत्या 'पायथन' या नावाने ३.१३च उघडेल.

प्रश्न : मॉड्यूल सापडतं, पण आतून फुटतं. एकीकडे 'लिबजीएल.एसओ.१ : कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल', दुसरीकडे बसवतानाच 'पायथन.एच : नो सच फाइल'. दोन्ही इम्पोर्टचेच एरर ना?

नाही, आणि इथे पायथनचे फोल्डर धुंडाळून काही हाती लागत नाही.

पहिल्यात पॅकेज व्यवस्थित बसलं आहे, पण त्याला यंत्रणेची एक लायब्ररी लागते आणि ती मशीनवर नाही. पिप यंत्रणेच्या लायब्रऱ्या बसवत नाही, ते ॲप्टचं काम. स्क्रीन नसलेल्या सर्व्हरवर किंवा कंटेनरमध्ये ओपनसीव्ही वापरताना हे नेहमी होतं. खिडक्या उघडायच्या नसतील तर ओपनसीव्ही-पायथन काढून ओपनसीव्ही-पायथन-हेडलेस बसवा. प्रतिमांवरचं सगळं काम तसंच चालतं. खिडक्या हव्याच असतील तर 'सूडो ॲप्ट इन्स्टॉल लिबजीएल१'. जुन्या लेखांत लिबजीएल१-मेसा-जीएलएक्स हे नाव दिसेल, ते उबुंटू २४.०४मध्ये नाही. इतर कुठल्याही पॅकेजसाठी, ज्या .एसओ फाइलवर इम्पोर्ट अडकतंय तिच्यावर 'एलडीडी' चालवा. ज्या ओळीपुढे 'नॉट फाउंड' दिसेल ती लायब्ररी कमी आहे.

दुसऱ्यात पिपला तुमच्या पायथनसाठी तयार बांधलेलं व्हील मिळालं नाही, म्हणून तो सोर्स उतरवून कंपाइल करायला बसला. पायथन.एच, म्हणजे कॅपिटल 'पी' असलेली हेडर फाइल, डेबियनवर वेगळ्या पॅकेजात असते :

सूडो ॲप्ट इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल पायथन३-डेव्ह

फेडोरावर 'सूडो डीएनएफ इन्स्टॉल जीसीसी पायथन३-डेव्हेल'. पण त्याआधी व्हील का मिळालं नाही ते पाहा, कारण बऱ्याचदा कंपाइल करायची गरजच नसते. पिप फार जुना असेल तर त्याला नव्या व्हीलच्या नावांवरचे शिक्के समजत नाहीत. 'पायथन -एम पिप इन्स्टॉल --अपग्रेड पिप' पुरतं. पायथन अगदी नुकताच आलेला असेल तर पॅकेजवाल्यांनी त्याचं व्हील अजून काढलेलं नसतं. एक आवृत्ती मागचा पायथन घेऊन व्हेन्व बनवा. अल्पाइन लिनक्स असेल तर तिथे जीलिबसी या नेहमीच्या सी लायब्ररीऐवजी मसल आहे, त्यामुळे नेहमीची मेनीलिनक्स व्हील्स चालत नाहीत. मसलसाठीचं व्हील नसेल, तर डेबियनवर आधारलेला कंटेनर घेणं हा सर्वांत कमी त्रासाचा मार्ग.

सायकोपीजी२सारख्या पॅकेजला पायथनच्या हेडरशिवाय डेटाबेसचीही हेडर लागतात, म्हणजे लिबपीक्यू-डेव्ह. शिकण्यापुरतं किंवा चाचणीपुरतं सायकोपीजी२-बायनरी चालतं. कंपाइलचा एरर वाचताना शेवटची ओळ सोडून द्या, ती फक्त 'जमलं नाही' एवढं सांगते. वरून खाली येताना 'फेटल एरर' हा शब्द पहिल्यांदा जिथे दिसेल, तिथे कमी पडलेल्या फाइलचं नाव असतं.

या गटातला तिसरा एरर जून २०२४मध्ये नमपाय २.० आल्यापासून वाढला आहे : नमपाय १ धरून बांधलेलं मॉड्यूल नमपाय २वर चालत नाही असा लांबलचक संदेश, आणि पाठोपाठ 'नमपाय.कोअर.मल्टीॲरे फेल्ड टू इम्पोर्ट'. ज्या पॅकेजमधून तो येतो त्याची नवी आवृत्ती आणणं हा खरा उपाय. ती नसेल तर नमपाय मागे न्या :

पायथन -एम पिप इन्स्टॉल "नमपाय<२"

अवतरणचिन्हं विसरू नका. ती नसतील तर शेल '<' या खुणेचा अर्थ '२ नावाच्या फाइलमधून वाच' असा घेते, आणि 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' असा आणखी गोंधळात टाकणारा संदेश येतो. उलट्या खुणेचं तर आणखी वाईट. '>' अवतरणाशिवाय लिहिलं तर एरर येत नाही. पॅकेजची अट शेल गिळून टाकते आणि फोल्डरात '=२.०' अशा विचित्र नावाची फाइल तयार झालेली दिसते.

प्रश्न : 'नो मॉड्यूल नेम्ड टीकेइंटर' आलं. पिपवर ते मिळत नाही.

ते पायथनचाच भाग आहे, डेबियनने वेगळं ठेवलंय. 'सूडो ॲप्ट इन्स्टॉल पायथन३-टीके', फेडोरावर 'पायथन३-टीकेइंटर'. पायएन्व्हने बांधलेला पायथन असेल तर याचा उपयोग नाही. तिथे टीके-डेव्ह बसवून पायथन पुन्हा बांधावा लागतो. सुरुवातीला अंडरस्कोर असलेली नावं, म्हणजे _सीटाइप्स, _एसएसएल, _एसक्यूलाइट३, _बीझेड२, सापडत नसतील तरी हाच प्रकार. बांधताना अनुक्रमे लिबएफएफआय-डेव्ह, लिबएसएसएल-डेव्ह, लिबएसक्यूलाइट३-डेव्ह, लिबबीझेड२-डेव्ह मशीनवर नव्हतं, म्हणून तो भाग गाळून पायथन तयार झाला. हेडर आता आणले तरी तयार पायथन आपोआप सुधारत नाही, पुन्हा बांधावाच लागतो.

प्रश्न : माझ्याच प्रोजेक्टमधली फाइल इम्पोर्ट होत नाही. 'अटेम्प्टेड रिलेटिव्ह इम्पोर्ट विथ नो नोन पॅरेंट पॅकेज'.

समजा, प्रोजेक्टमध्ये हिशोब नावाचं फोल्डर आहे, आत मेन.पीवाय आणि कर.पीवाय, आणि मेनमध्ये 'फ्रॉम .कर इम्पोर्ट' अशी ओळ. 'पायथन हिशोब/मेन.पीवाय' असं चालवलं की पायथन त्या फाइलला सुटी स्क्रिप्ट समजतो, तिला पॅकेज नसतं, म्हणून बिंदूचा अर्थ लागत नाही. एक पायरी वर, प्रोजेक्टच्या मुळाशी येऊन 'पायथन -एम हिशोब.मेन' असं चालवा. शेवटी .पीवाय नको आणि तिरक्या रेघेऐवजी बिंदू. कोडमध्ये 'सिस.पाथ.अपेंड' लिहून हे दडपता येतं, पण फोल्डर हलवलं की ते मोडतं. प्रोजेक्ट मोठा होणार असेल तर पायप्रोजेक्ट.टॉमल लिहून 'पायथन -एम पिप इन्स्टॉल -ई .' करा. मग कोणत्याही फोल्डरातून 'इम्पोर्ट हिशोब' चालतं.

प्रश्न : टर्मिनलवर स्क्रिप्ट उत्तम चालते. क्रॉनमध्ये टाकली की मॉड्यूल सापडत नाही. सहकाऱ्याला ज्युपिटरमध्ये, म्हणजे ब्राउझरमधल्या पायथनच्या वहीत, हेच होतं.

क्रॉन तुमची बॅशआरसी वाचत नाही आणि तुम्ही केलेलं ॲक्टिव्हेट त्याला माहीत नसतं. डेबियनवर त्याच्या पाथमध्ये /यूएसआर/बिन आणि /बिन एवढंच असतं, म्हणून 'पायथन३' म्हटलं की यंत्रणेचा पायथन उघडतो. क्रॉनटॅबमध्ये ॲक्टिव्हेट घुसवू नका, व्हेन्वमधला पायथन पूर्ण पाथने लिहा :

०,३० * * * * /होम/यूझर/प्रोजेक्ट/.व्हेन्व/बिन/पायथन /होम/यूझर/प्रोजेक्ट/मेन.पीवाय >> /होम/यूझर/मेन.लॉग २>&१

शेवटचा भाग एरर लॉगमध्ये उतरवतो. तो नसेल तर चूक कुठे झाली ते कळायला काही मागेच राहत नाही. सिस्टिमडी सर्व्हिसमध्येही 'एक्झेकस्टार्ट'पुढे असेच दोन पूर्ण पाथ द्यायचे. आणि .व्हेन्व फोल्डर दुसरीकडे हलवू नका : आतल्या पिपसारख्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत जुना पाथ कोरलेला असतो आणि 'बॅड इंटरप्रिटर' येतं. हलवायचंच असेल तर नव्या जागी नवा बनवा.

ज्युपिटरमध्ये पहिल्या चौकटीत 'इम्पोर्ट सिस; सिस.एक्झिक्युटेबल' लिहून चालवायला सांगा. व्हेन्वचा पाथ आला नाही, तर त्यांचं कर्नल, म्हणजे वहीतला कोड चालवणारा भाग, दुसऱ्या पायथनचं आहे. व्हेन्व ॲक्टिव्हेट करून :

पायथन -एम पिप इन्स्टॉल आयपायकर्नल
पायथन -एम आयपायकर्नल इन्स्टॉल --यूझर --नेम प्रोजेक्ट

मग ज्युपिटरच्या कर्नलच्या यादीतून 'प्रोजेक्ट' निवडायचं. वहीच्या आतून पॅकेज बसवायचं असेल तर पिपच्या आधी उद्गारचिन्ह न लावता टक्क्याची खूण लावा. उद्गारचिन्ह शेलच्या पाथवर जो पिप पहिला सापडेल तो चालवतं, टक्का मात्र चालू कर्नलच्याच पायथनमध्ये पॅकेज बसवतो. पॅकेजची आधीची आवृत्ती त्या वहीत इम्पोर्ट झालेली असेल, तर बसवल्यावर कर्नल रीस्टार्ट करा, नाहीतर मेमरीत जुनीच राहते.